वारीचा ‘इव्हेंट’ झाला, म्हणे!

आषाढ तोंडावर आला की एक मजकूर व्हॉट्सॲपवर न चुकता फिरू लागतो. लिहिणाऱ्याचं नाव नसतं, जोडलेले हात मात्र ढिगाने. म्हणणं असं: वारी सातशे वर्षं जशीच्या तशी चालत आली, तिथे पैसा, सरकार, व्यवस्था यांचा संबंध नव्हता, जातपात तर नव्हतीच, आता आयटीवाल्यांनी, कॅमेऱ्यांनी आणि कोर्टकचेऱ्यांनी तिचा इव्हेंट केला.

आधी ‘जशीच्या तशी’चं बघू. पंढरीला पायी जायची रीत ज्ञानेश्वरांच्याही आधीची, हे खरंच. पण आज आपल्या डोळ्यांसमोर येतो तो पालखी सोहळा त्या मानाने अलीकडचा. तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी 1685 मध्ये तो सुरू केला. आळंदीची स्वतंत्र पालखी निघाली ती एकोणिसाव्या शतकात, हैबतबाबा आरफळकरांच्या पुढाकाराने. हे बाबा शिंद्यांच्या पदरी सरदारकी केलेले. रथापुढच्या दिंड्या, रथामागच्या दिंड्या, प्रत्येकीचा ठरलेला क्रमांक, चोपदार, मुक्काम, ही सगळी शिस्त त्यांनी घालून दिली. पालखीसोबतचे घोडे अंकलीच्या शितोळे सरकारांचे, आजही तिथूनच येतात.

तळावरची समाजआरती एकदा बघाच. दिंड्या गोलाकार उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा नुसता कल्लोळ असतो. चोपदार दंड उंच धरतो आणि हजारो माणसं चिडीचूप होतात. एखाद्या दिंडीचे टाळ मात्र वाजतच राहतात. म्हणजे त्यांची काही तक्रार आहे. चोपदार तिथे जातो, ऐकून घेतो, निवाडा होतो, मग टाळ थांबतात आणि आरती होते. ही व्यवस्था नाही तर काय आहे? आणि ती कुणीतरी विचारपूर्वक बसवली, तेव्हाच्या लोकांना ती नवीच वाटली असणार.

पैशाचा मुद्दा फार ताणायला नको. दिंडीत जाणाऱ्याला विचारा, भिशी, म्हणजे दिंडीची वर्गणी, भरल्याशिवाय तंबू, ट्रक, टँकर, आचारी कुठून येतात? सरकारही पूर्वीपासून आहेच. यात्रेतून पटकीची साथ पसरायची, म्हणून इंग्रजांच्या काळात यात्रेकरूंवर कर बसला, आरोग्याचे नियम आले. 1906 मध्ये कुर्डुवाडीहून बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी पंढरपुरात पोचली. तेव्हाही ‘गाडीने येणारे कसले वारकरी’ म्हणणारा कुणीतरी भेटला असताच.

‘जातपात नव्हतीच’ हे वाक्य मात्र सोडून देण्यासारखं नाही. चोखोबांची समाधी कुठे आहे? महाद्वारासमोर, मंदिराच्या बाहेर. आत जायची मुभा त्यांच्या समाजाला मिळाली 1947 मध्ये, तीही साने गुरुजींनी पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण केलं तेव्हा. त्या उपोषणाला विरोध करणारे बाहेरून आयात केलेले नव्हते. त्याच सुमारास मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे वारीला गेल्या. एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठे चालताना सोबत, भजनात सोबत, आणि जेवायला वेगळे, हे त्यांनी लिहून ठेवलं आहे आणि त्याची टोचणीही. अभंगांत समतेचा पुकारा होता, पंगतीत नव्हता. आज त्या बाबतीत जे काही सैल झालं आहे ते नेमकं त्याच आधुनिक काळात, ज्याच्या नावाने हा मजकूर बोटं मोडतो.

राहिले आयटीवाले. दिवेघाटात ड्रोन घोंघावतात, वाटेवर पुढाऱ्यांचे फ्लेक्स लागतात, त्याचा वैताग मलाही येतो. पण आळंदी ते पुणे एक दिवस चालणाऱ्या आयटीतल्या मुलीची भक्ती किती तोळे भरली, हे मोजायचा काटा कुणाकडे आहे? दिंडीतल्या म्हाताऱ्या तिला ‘माऊली’ म्हणून पुढे जाऊ देतात. घरी सोफ्यावर बसून मजकूर पुढे पाठवणाऱ्यालाच तिची परीक्षा घ्यायची असते. आणि चालणं हीच एकमेव कसोटी म्हणावी, तर 2020 मध्ये साथीच्या दिवसांत माऊलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. सोहळ्याच्या मंडळींनीच त्या नेल्या. वारी चुकली असं त्यांनी मानलं नाही.

कोर्टाचं म्हणाल, तर मजकूर सांगतो की न्यायालयांनी देवळात नाक खुपसलं. पंढरपुरात क्रम उलटा आहे. बडवे आणि उत्पात या पुजारी घराण्यांच्या वंशपरंपरागत हक्कांखाली दर्शनाला आलेल्यांची अडवणूक होते, अशा तक्रारी वर्षानुवर्षं भाविकच करत होते. त्या तक्रारींची चौकशी झाली आणि 1973 मध्ये हे हक्क काढून घेणारा मंदिराचा कायदा आला. त्याला आव्हान द्यायला न्यायालयाची पायरी चढले ते परंपरेचे हक्कदारच, आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागायला जानेवारी 2014 उजाडला. त्यानंतर मंदिर समितीने पुजाऱ्यांच्या जागांसाठी अर्ज मागवले, कुठल्याही जातीच्या लोकांकडून, बायकांकडूनही.