आशाताई डोकी मोजून नको, वाडीमागे एक द्या

कोकणात बाळ जन्मल्यावर पहिले ४२ दिवस त्या घराचा उंबरा कोण ओलांडतं, यावर फार काही अवलंबून असतं. दवाखाना, डॉक्टर, लस, औषध सगळं हवंच. पण तिसऱ्या दिवशी घरी आलेलं बाळ पाचव्या दिवशी दूध ओढेनासं झालं, तर ते ओळखणारी शिकलेली नजर त्या घरात पोचायला हवी. ही नजर आशाताईची आणि उपकेंद्रातल्या सिस्टरची. आणि तिथेच आपलं गणित चुकलंय.

नियम असा आहे: हजार लोकसंख्येमागे एक आशा. उपकेंद्र सपाटीच्या भागात ५००० लोकांमागे, डोंगरी आणि आदिवासी भागात ३००० मागे. घाटावर हजार माणसांचं गाव म्हणजे एक गावठाण, सकाळी निघालं की दुपारपर्यंत सगळी घरं होतात. आपल्याकडे हजाराचं गाव म्हणजे एक वाडी खाडीला लागून, दुसरी सड्यावर, मधे बौद्धवाडी, पलीकडे गुरववाडी आणि सगळ्यांत वर धनगरवाडा. पऱ्या, म्हणजे ओढा, भरला की साकवावरून, छोट्या पुलावरून जायचं, आणि साकव वाहून गेला तर वळसा घालून. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. माणसं मुंबईला गेली, पायवाट काही आखूड झाली नाही. डोकी मोजून माणूस द्यायचा म्हटलं तर जिथे घरं विरळ होत जातात तिथेच सेवाही विरळ होत जाणार.

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. याचा घरातला अर्थ काय? कमावता माणूस मुंबईत, घरात बाळंतीण, सासू आणि पोरं. रात्री दोन वाजता बाळाची छाती उडायला लागली तर रिक्षा शोधायला धावणारं कुणी नाही.

मूळ मार्गदर्शक सूचनांमध्येच लिहिलंय की डोंगरी, आदिवासी आणि वाळवंटी भागात हजाराचा निकष शिथिल करून वस्तीमागे एक आशा देता येते. कोकणाला डोंगरी म्हणायला आणखी कसला पुरावा हवा? नवा कायदा नको, नवी योजना नको. असलेली सवलत वाडीवाडीला लावा, एवढीच मागणी आहे.

हे इतकं का लावून धरायचं, ते घरभेटीत प्रत्यक्ष काय करायचं असतं हे पाहिलं की कळेल. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचं. घरी बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवशीही. या पद्धतीचा पाया महाराष्ट्रातच घातला गेला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीत गावातल्याच बायकांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेता येते हे दाखवलं, आणि त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. म्हणजे यातलं काहीही हवेतलं नाही. ते काम करायला वेळ मात्र लागतो.

आधी हात धुणं. मग बाळाला उजेडात आणणं. आपल्याकडे बाळंतिणीची खोली म्हणजे बहुतेक वेळा माजघराच्या आतली, दारं-खिडक्या लावलेली. तिथल्या पिवळ्या दिव्याखाली कावीळ दिसूच शकत नाही. ओटीवर वारा लागतो म्हणून सासूबाई नको म्हणतात, तर निदान खिडकी उघडून दिवसाच्या उजेडात पाहावं. कपाळावर किंवा छातीवर बोट दाबून सोडलं की कातडीचा खरा रंग दिसतो. पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत उतरला असेल, किंवा जन्मल्यापासून २४ तासांच्या आतच दिसला असेल, तर त्याच दिवशी दवाखाना. तळव्यांपर्यंत आलेली कावीळ कोवळ्या उन्हात धरून उतरत नाही.

मग श्वास. बाळ शांत असताना, पोटावरचं कापड वर करून, सेकंदकाट्याच्या घड्याळावर पूर्ण एक मिनिट. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करणं चुकीचं, कारण नवजात बाळाचा श्वास एका लयीत नसतो, मधेच थांबतो, मधेच भराभर चालतो. ६० किंवा जास्त भरले तर पुन्हा मोजायचे. पुन्हा तेच आलं तर तो धोका. बरगड्यांखालची छाती आत ओढली जात असेल तर मोजत बसायचंही कारण नाही, निघायचं.

काखेत थर्मामीटर. ९७ ते ९९ फॅरनहाइट ठीक. त्याखाली बाळ गार पडतंय, आणि आपल्या पावसाळ्यात हे फार होतं, कारण दुपटी वाळतच नाहीत. मग ती चुलीवर किंवा शेगडीवर धरून वाळवतात आणि बंद खोलीत धूर कोंडतो. त्यापेक्षा आईच्या उघड्या छातीशी बाळ धरावं. अंगात फक्त लंगोट, डोक्याला टोपी, पायात मोजे, दोघांवरून एक कोरडं लुगडं. एका वेळी निदान तासभर, आणि दिवसभरात जमेल तितकं. अडीच किलोच्या आतल्या बाळाला तर हे औषधासारखंच द्यावं. आई दमली तर आजीने धरावं, मुंबईहून बाप आला असेल तर त्याने धरावं, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता वजन. इथे सगळ्यांत जास्त चुका होतात. झोळी लावून काटा आधी शून्यावर आणायचा, मग बाळ ठेवायचं. कपडे काढून, काटा डोळ्यांच्या रेषेत धरून. पावसात भिजलेली झोळी गेल्या खेपेच्या कोरड्या झोळीपेक्षा जड भरते, आणि कागदावर बाळाचं वजन वाढलेलं दिसतं. पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतंच, तीन किलोच्या बाळाचं तीनशे ग्रॅमपर्यंत. दोन आठवड्यांत ते जन्मवजनावर परत आलं पाहिजे. नाही आलं तर लगेच पावडरच्या दुधाचा डबा आणायचा नाही. आधी आईला पाजायला सांगून शेजारी बसून बघायचं: बाळाचं तोंड नीट उघडं आहे का, स्तनाग्राभोवतीचा काळा भाग बराचसा तोंडात आहे का, हनुवटी टेकली आहे का, गिळल्याचा आवाज येतो का. हे बघायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. चार डोंगर चढून आलेल्या बाईला संध्याकाळच्या आत तीन घरं उरकायची असतील तर ती वीस मिनिटं कुठून आणणार? मग भेट रजिस्टरात भरते आणि घरात अर्धीच होते. याचा दोष त्या बाईला देऊ नका.

आणि ही लक्षणं प्रत्येक आजीला पाठ असायला हवीत: हातपाय लुळे पडले, दूध कमी झालं किंवा सुटलं, रडणं मंद झालं किंवा थांबलं, पोट फुगलं किंवा उलट्या, अंग गार किंवा तापलेलं, छाती आत ओढते, बेंबीत पू. ‘कालपर्यंत नीट ओढत होता, आज ओढत नाही’ हे आईचं वाक्य ऐकलं की थांबायचं नाही. बेंबीवर हळद, तेल, राख, पावडर काहीही लावू नये, कोरडी ठेवावी. काजळ नको. बाळगुटी तर नकोच, सहा महिने पाणीसुद्धा नको.

आईकडे पाहायला विसरू नये, हेही फार होतं. रक्तस्राव किती, वास येतो का, ताप, डोकेदुखी, छातीत गाठी. ती काय जेवते. कित्येक घरांत बाळंतिणीला मासे बंद, पालेभाज्या बंद. समुद्र दारात आणि ताटात नुसता भात, याला काय म्हणावं! लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतरही १८० दिवस घ्यायच्या असतात. चहाबरोबर नाही, आणि कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी.

या सगळ्या सहा भेटींसाठी २०११ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आशाला किती ठेवले? बाळामागे २५० रुपये. एका भेटीचे ४२ रुपयेही होत नाहीत.

कोकणाचा दुसरा पेच चाकरमान्यांचा. गरोदरपणाची नोंद नालासोपाऱ्यात किंवा दिव्याला, बाळंतपण माहेरी राजापूर-लांज्याला, बारसं सासरी, आणि तिसऱ्या महिन्यात बाळ परत मुंबईला. सासरच्या आशेच्या यादीत नाव आहे पण बाळ नाही. माहेरच्या आशेच्या वाडीत बाळ आहे पण यादीत नाव नाही. त्यात ६, १० आणि १४ आठवड्यांच्या लसी नेमक्या या प्रवासात सापडतात. एक डोस हुकला म्हणून पहिल्यापासून सुरू करायचं नसतं, जिथे थांबलं तिथून पुढे चालू करायचं. पण हे कुणी सांगत नाही आणि आई घाबरून जातच नाही. माता-बाल संरक्षण कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून बाळाच्या कपड्यांबरोबर फिरलं पाहिजे. यू-विन या सरकारच्या ऑनलाइन लसीकरण नोंदणीवर नोंद असेल तर उत्तमच. गणपतीत आणि शिमग्याला घराघरांत मुंबईची पोरं आलेली असतात. त्या आठवड्यात लसीकरणाचं सत्र वाडीत ठेवलं तर किती हुकलेली बाळं सापडतील! आपल्याकडे नेमकं त्याच वेळी सत्र सुट्टी म्हणून पुढे ढकललं जातं.

आंब्याच्या बागांत राखणीला राहणाऱ्या नेपाळी कुटुंबांची आणि वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी घरांची पोरं तर कुणाच्याच यादीत नसतात. वाडीमागे आशा असली की बागेतलं बाळ तिला दिसतं, कारण ती रोज त्याच वाटेने जाते.

सहा महिन्यांनंतरचं खाणं हा वेगळ्या पोस्टचा विषय, पण पेजेबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. पेज चांगलीच, मोठ्या माणसाला. बाळाचं पोट मुठीएवढं, ते पेजेच्या निवळीने भरलं तर अन्न जाणार कुठे? चमचा तिरका केला तर घास ओघळता कामा नये, एवढा दाट हवा. मऊ शिजवून घोटलेला भात आणि मूगडाळ, त्यात चमचाभर खोबरेल तेल किंवा तूप. नाचणीचं सत्त्व, कुळथाची पिठी, काटे नीट काढलेला मऊ बांगडा. जवळा निवडून, धुऊन, वाळवून, भाजून पूड करून ठेवली तर अर्धा चमचा भातात जातो. खारवलेले मासे मात्र नकोत. सुरुवातीला दोन-तीन चमचे, नवव्या महिन्यापासून २५० मिलिलिटरच्या वाटीने अर्धी, वर्षानंतर पाऊण ते एक वाटी.

वेळेचं महत्त्व कोकणाला विंचवाने शिकवलंय. लाल विंचू चावला की लहान मुलाच्या हृदयावर आणि फुप्फुसावर ताण येऊन जीव जायचा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या साध्या गोळीने तो वाचवता येतो हे दाखवून दिलं. औषध तेव्हापासून आहे. घाम सुटतो, उलटी होते, हातपाय गार पडतात, आणि तरी पोर आधी मंत्र घालायला नेलं जातं. वाडीतच राहणारी, सगळ्यांची ओळखीची बाई ‘आधी आरोग्य केंद्रात चला’ म्हणाली तर ऐकतात. तीन वाड्यांपलीकडून फोनवर सांगितलेलं ऐकत नाहीत.

आता करायचं काय. आशेची निवड ग्रामसभेतून होते. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत एक कागद घेऊन जा. त्यावर प्रत्येक वाडीचं नाव, घरं, पाच वर्षांखालची मुलं, आणि आशाताईच्या घरापासून व उपकेंद्रापासून चालत लागणारा वेळ: उन्हाळ्यात किती मिनिटं, पावसाळ्यात किती. किलोमीटर लिहू नका, नकाशावरचा किलोमीटर घाटी चढत नाही. जून ते सप्टेंबर या काळात ज्यांच्या तारखा आहेत त्या बायकांची यादी एप्रिलमध्येच करा आणि कोण कुणाकडे, दवाखान्याजवळ कधी राहायला जाणार ते ठरवून ठेवा. ग्राम आरोग्य समितीला वर्षाला दहा हजारांपर्यंत जो बंधनमुक्त निधी येतो, त्यातून थर्मामीटरचे सेल, बॅटरी (टॉर्च), कोरडी राहील अशी दुसरी झोळी आणि रात्रीच्या रिक्षाचं भाडं यांची तरतूद करून घ्या. आणि त्या वेळाच्या तक्त्यासह, वस्तीमागे एक आशा हवी, असा ठराव लिहून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे द्या, पोच घ्या. तक्ता कसा भरायचा यात कुणाला अडलं तर खाली कमेंटमध्ये वाडीची माहिती टाका, मिळून भरू.