दुसरेपण, घर आणि फौजीची बायको

फौजी कुटुंबांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून सध्या एक मजकूर फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: दुसरेपणाची बाई सहज मोकळी होते, आपल्या आज्या-पणज्या घरीच बाळंत झाल्या, दवाखान्यात उगाच सिझर करतात, तेव्हा नवरा सीमेवर असलेल्या बाईने सुईण बोलावून घरीच बाळंत व्हावे, म्हणजे थोरल्यालाही आईपासून दूर राहावे लागत नाही. मी गोव्यातल्या पेडण्याची, जवानाची बायको. माझी दोन्ही बाळंतपणे नवरा पोस्टिंगवर असताना सरकारी रुग्णालयात झाली, आणि थोरल्याबद्दलचे वाक्य वाचून माझ्याही पोटात कालवले, हे आधीच सांगते.

पहिला मुद्दा खोटा नाही, अर्धवट आहे. इंग्लंडमधल्या ६४ हजारांहून अधिक बाळंतपणांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. कमी जोखमीच्या, आधी बाळंत झालेल्या बायकांनी ठरवून घरी बाळंत होण्याने बाळाचा धोका वाढल्याचे त्यात दिसले नाही. मात्र तिथे घरी येते ती प्रशिक्षित, नोंदणीकृत मिडवाइफ, औषधे बरोबर घेऊन. आणि तरीही शंभरांतल्या सुमारे बारा जणींना ऐन वेळी किंवा बाळंत झाल्यावर लगेच रुग्णालयात हलवावे लागले. आपल्याकडच्या सुईणीच्या पिशवीत बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला द्यायचे ऑक्सिटोसिनही नसते, ते थंडाव्यात ठेवावे लागते.

शिवाय दुसरेपण सोपेच असते असे नाही. माझा रक्तगट निगेटिव्ह, थोरल्याचा पॉझिटिव्ह. अशा आईला पहिल्या बाळंतपणानंतर ७२ तासांत अँटी-डीचे इंजेक्शन मिळाले नाही, तर तिच्या रक्तात तयार होणारी प्रतिद्रव्ये पुढच्या बाळाच्या रक्तपेशींवर उठू शकतात. पहिले बाळ सुखरूप असते, भोगावे लागते ते दुसऱ्याला. मला ते इंजेक्शन दोन्ही वेळा मिळाले, कारण नाळेतले रक्त तपासायला तिथे माणूस होता.

आज्या-पणज्यांचे म्हणाल, तर ज्या वाचल्या त्यांच्याच गोष्टी आपल्यापर्यंत पोचल्या. सासूबाईंच्या आईची दोन मुले सटीच्या आसपास गेली. घरात अजून सटवीचे नाव घेतात; पण जन्मानंतर आठवड्याभरात बाळाने दूध ओढणे सोडावे आणि अंग ताठावे, ही नाळेच्या जखमेतून शिरलेल्या धनुर्वाताची खूण आहे. मातांना लस मिळू लागली, नाळ स्वच्छ पात्याने कापली जाऊ लागली, म्हणून तर २०१५ मध्ये भारतातून नवजात धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जाहीर करता आले.

सिझरची तक्रार मात्र खरी आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गोव्यातल्या जवळपास ४० टक्के प्रसूती सिझरने झालेल्या दिसतात. डॉक्टरांना कारण विचारावे, आणि ते पटेपर्यंत विचारावे.

राहिला नवरा. तो जवळ नसणे हे घरी बाळंत होण्याचे कारण कसे ठरते, हे मला अजून कळलेले नाही. रक्त जाऊ लागले की निर्णय घेणारा, गाडी काढणारा, रक्तासाठी धावणारा माणूस घरात लागतो, आणि आमच्या घरात नेमका तोच नसतो. आषाढातल्या पावसात वीज गेलेली असताना पेडण्याहून म्हापशाचे जिल्हा रुग्णालय गाठणे आणि तिथून गरज पडली तर बांबोळीचे मोठे सरकारी इस्पितळ, हे सत्तरीच्या सासूबाईंवर सोपवायचे? कागदांचेही तेच. रुग्णालयातल्या जन्माची नोंद रुग्णालय करते; घरच्या जन्माची खबर घरच्या प्रमुखाने २१ दिवसांत द्यायची असते, आणि जन्मदाखल्याशिवाय युनिटात बाळाची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे जवानाच्या लष्करी नोंदींत बाळाचे नाव चढवणारा आदेश, निघत नाही. नवऱ्याला पितृत्व रजा मिळते ती पंधरा दिवसांची. ती बाळाजवळ जावी, कचेऱ्यांत नव्हे.

थोरला तीन दिवस आजीजवळ राहिला. वॉर्डात मी बॅग उघडली तेव्हा दुपट्यांच्या घडीत त्याची चाक मोडलेली जीप निघाली. भेटायला आला तेव्हा बहिणीकडे बघण्याआधी त्याने ती परत मागितली.