उन्हाने टकलावर केस उगवत नाहीत

मालवण-वेंगुर्ल्याच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: डोक्याला खोबरेल चोपडून भर दुपारी किनाऱ्यावर बसा, टकलावर केस येतात, 'ब्रिटनमध्ये सिद्ध झालंय'.

संशोधन खरं आहे, निष्कर्ष पदरचा. रँडॉल आणि एब्लिंग या संशोधकांचा हा अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. ब्रिटनमधल्या शेफील्ड शहरातल्या १४ पुरुषांची दीड वर्ष पाहणी केली. दाढीची वाढ जानेवारी-फेब्रुवारीत सर्वांत कमी, जुलैत साधारण ६० टक्क्यांनी जास्त. पण मोजला तो ऋतूंचा फरक. उन्हात कुणाला बसवलं नव्हतं. शिवाय त्यांच्या डोक्यावरचे केस सर्वाधिक गळले ते ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास, म्हणजे तिथला उन्हाळा भोगून झाल्यावर! मेसेजात हे सोयीस्कर गाळलंय.

पुरुषांचं टक्कल बहुतेक वेळा आनुवंशिक असतं. डीएचटी या हार्मोनमुळे केसांची मुळं लहान होत जातात. उन्हाचा त्यावर इलाज असता, तर किनाऱ्यावर उन्हात रापण (मासेमारीचं मोठं जाळं) ओढणारा एकही काका टकला दिसला नसता.

उन्हाने त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होतं, हे खरं. मात्र उघड्या टकलावर वर्षानुवर्षं ऊन पडलं की खरखरीत, खपलीसारखे चट्टे उठू शकतात आणि त्यातल्या काहींचा पुढे कर्करोग होतो. खोबरेल ते ऊन अडवत नाही. टोपी अडवते.