नियम कागदावरचा आणि पारावरचा

मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने शिक्षकांना जीन्स-टीशर्ट बंद केले, त्यामुळे शाळांना शिस्त लागेल, असं एका लेखात लेखक म्हणतात. मला पटलं नाही. त्या निर्णयात महिलांना साडी किंवा सलवार/चुडीदार, कुर्ता, दुपट्टा असे पर्याय आहेत; पुरुषांनी शर्ट खोचायचा, एवढंच. पुरुषांचं भागतं.

पण आमच्या बीड-धाराशिवकडच्या तांड्या-वस्त्यांवरच्या शाळांत खरा ड्रेसकोड कागदावर नसतो. माझी वहिनी स्कूटीवरून खडीच्या रस्त्याने शाळेत जाते, एप्रिलात ऊन नुसतं भाजून काढतं. ड्रेस घातला की पारावरून कुणीतरी म्हणणारच, "बाई, साडीत या की, लेकरांवर संस्कार होतेत." शासनाने दिलेली सूट गावात पोचतच नाही! आणि हे सांगणारा स्वतः बनियनवर बसलेला असतो, ते सोडा.

तुळजापुरातही कपड्यांवरून असाच प्रकार झाला. मे २०२३ मध्ये मंदिरात हाफपँट, बर्मुडावाल्यांना प्रवेश नाही असे फलक लागले आणि ओरड होताच त्याच दिवशी उतरवले. चांगलंच झालं. नवस फेडायला आलेल्या माणसाच्या कपड्यांची उंची कोण मोजणार?

मुलांच्या गणवेशाला मात्र माझा विरोध नाही. गरीब-श्रीमंत त्यात थोडं तरी झाकलं जातं, फक्त तो जूनमध्येच हातात पडावा. मोठ्या बाईने काय नेसावं-घालावं हे तिचं तिला ठरवू द्या, शाळा समितीच्या अध्यक्षांनी वर्गात मुलांना वाचता येतंय का ते बघावं.