‘सुया टोचल्या आणि मॅडम गायब’ : अ‍ॅक्युपंक्चर क्लिनिककडून उत्तर

नमस्कार सर,

आपला अभिप्राय वाचला. एक स्टार. कमरेतून डाव्या पायात उतरणारी कळ घेऊन आपण दोनदा आलात, फरक पडला नाही, पाठीवर कपिंगचे, म्हणजे कातडी ओढून धरणाऱ्या कपांचे, काळे डाग उठले आणि घरचे घाबरले, असं आपण लिहिलंय. पुढे लिहिलंय, ‘मॅडमनी सुया टोचल्या आणि गायब. पंचवीस मिनिटं छताकडे बघत पडलो होतो. घंटी दाबली तरी कोणी आलं नाही. काम पाच मिनिटांचं, पैसे पूर्ण सेशनचे.’ आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल मनापासून माफी मागते.

घंटीचं आधी सांगते, कारण ती चूक आमची आहे. आपला अभिप्राय वाचल्यावर तपासली, सेल उतरला होता. रोज सकाळी बघायला हवा होता, बघितला नव्हता. त्यावर माझ्याकडे दुसरं उत्तर नाही.

पण ‘पाच मिनिटांचं काम’ हे मला गिळता येत नाही सर. १७ वर्षं मी हेच काम करते आहे.

सुया लावून शांत पडून राहणं हा मधला रिकामा वेळ नव्हे, उपचार तोच आहे. सुई बिंदूवर बसली की आत जडपणा येतो, ठणकल्यासारखं होतं, मुंग्या येतात. चिनी भाषेत त्याला ‘तं-छी’ म्हणतात. हुआनत्याओला, म्हणजे कुल्ल्यातल्या बिंदूला, लांब सुई गेली तेव्हा ‘थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत गेलं’ असं आपणच म्हणालात. ते झाल्यावर साधारण २० ते ३० मिनिटं सुया तशाच ठेवायच्या असतात. जुन्या चिनी वैद्यकात असा हिशोब सांगतात की शरीरातली ‘छी’, म्हणजे प्राणशक्ती, दिवसरात्रीत ५० फेऱ्या मारते, म्हणजे एका फेरीला जेमतेम २९ मिनिटं. मी काही तो शब्दशः धरून बसत नाही, पण अर्ध्या तासाची पद्धत आम्ही आळसापायी काढलेली नाही एवढं त्यावरून कळावं. त्या वेळात मी शेजारी बसून गप्पा मारल्या तर तुमचे स्नायू सैल पडतील कसे?

आणि छताचं म्हणाल, तर तुम्ही पालथे होतात. कमरेच्या आणि गुडघ्यामागच्या बिंदूंसाठी पालथंच झोपवावं लागतं, तोंड टेबलाच्या खाचेत. तिथून फरशी दिसते. खोलीत कोण आलं, कोण गेलं, ते दिसत नाही. म्हणून वहीतली नोंद देते. वेळ ठरली होती ५:३०ची, आपण आलात ५:५२ला. मागे कोणी ताटकळलेलं असताना इतर ठिकाणी सेशन कापतात, आम्ही कापलं नाही. ६:०५ला सुया लागल्या. ६:१५ला मी आत येऊन प्रत्येक सुई थोडी फिरवली, तुम्ही ‘हं’ म्हणालात. ६:२३ला आमची मदतनीस विचारायला आली, तेव्हा तुम्ही फोनवर होतात आणि हातानेच ‘ठीक आहे’ अशी खूण केलीत.

त्या हाताबद्दलच बोलायचंय. लिहू की नको असा दोन दिवस विचार केला. आम्ही सुया मोजून लावतो आणि मोजून काढतो. त्या दिवशी १२ होत्या : कमरेला चार, डाव्या कुल्ल्यात एक, गुडघ्यांमागे दोन, डाव्या पोटरीत एक, घोट्यांजवळ दोन आणि उजव्या हाताच्या पाठीवर दोन. ६:३०ला काढल्या तर ११च. बारावी सापडेना. विचारल्यावर तुम्ही म्हणालात, ‘ती टोचत होती, मीच काढली फोन घ्यायला.’ ठेवली कुठे, तर आठवत नाही. पाव मिलिमीटर जाडीची बारीक सुई. कप लावून झाले, तुम्ही कपडे करून बाहेर गेलात, आणि आम्ही दोघी गुडघ्यावर बसून चादरीच्या चुण्यांतून लोहचुंबक फिरवत होतो. टेबलाच्या खाचेतल्या उशीत, अगदी शिवणीला रुतलेली सापडली. जिथे पुढच्या माणसाने गाल टेकला असता, बरोबर तिथे. सुया आम्ही एकदाच वापरतो, प्रत्येकाला नवीन पाकीट तुमच्यासमोर फोडतो, पण वापरलेली सुई मोकळी राहिली तर त्या सगळ्या काळजीला अर्थ उरत नाही. ६:३०वाल्या ताईंना त्या दिवशी पाऊण तास थांबावं लागलं. त्यांनी एक शब्द काढला नाही.

फोन बंद ठेवा असं तोंडी सांगितलं होतं. भिंतीवर पाटीही आहे. असो, पालथ्या माणसाला पाटीही दिसत नाही, हे आत्ता लिहितानाच लक्षात आलं.

डागांचं. कपातल्या ओढीने कातडीखालच्या बारीक केशवाहिन्या फुटतात आणि रक्त तिथेच साकळतं. मुका मार लागल्यासारखं दिसतं, पण मार नसतो. काही दिवसांत, फार तर दोनेक आठवड्यांत रंग उतरतो. २०१६च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये मायकल फेल्प्सच्या खांद्यावरचे गोल डाग सगळ्या जगाने बघितले. तरी घरच्यांना ते अचानक दिसले तर धक्का बसणारच. संमतीच्या कागदावर डागांचं लिहिलंय आणि त्यावर आपली सही आहे, पण सही घेतली म्हणजे समजावून सांगितलं असं होत नाही. तिथे मी घाई केली, कारण उशीर झाला होता. कुणामुळे, ते पुन्हा लिहीत नाही.

फरक पडला नाही याचं वाईट वाटतं. पहिल्या दिवशी मी ६ ते ८ सेशन म्हटलं होतं, आणि प्रत्येकाला गुण येतोच असं नाही हेही म्हटलं होतं. त्याच दिवशी पाय बधिर होतो का, लघवी-शौचावर ताबा आहे ना, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, हे पाऊण तास विचारलं, नाडी पाहिली, जीभ पाहिली. ते त्या पाच मिनिटांत धरलेलं दिसत नाही. कळ वाढली किंवा पायातली ताकद कमी वाटली तर आमच्याकडे येण्याआधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा, हे मी आताही सांगेन.

घंटी नवीन आणली आहे. फोन आत न्यायचा की बाहेर ठेवायचा याचंही काहीतरी ठरवतो आहोत, आणि डागांचा एक फोटो काउंटरवर ठेवायचा विचार आहे, म्हणजे आधीच कल्पना येईल. वेळापत्रकाचंही बघू.

एक स्टार बघून नवीन दोघांनी येणं रद्द केलं. त्याचा दोष तुम्हाला देत नाही, फक्त सांगितलं. छोटी जागा आहे, दोन टेबलं आणि आम्ही दोघी.

तुमची तिसऱ्या सेशनची वेळ वहीतून अजून खोडलेली नाही. ५:३०चीच आहे. यायचं नसेल तर कृपया आदल्या दिवशी कळवा.