काकू, तुमचं हलकंच आहे ना

आज संध्याकाळी सव्वासातची गोष्ट. जिममध्ये स्क्वॉटचे, म्हणजे खांद्यावर रॉड घेऊन बैठकांचे, दोन सेट झाले होते, तिसरा बाकी. २० चा रॉड, दोन्ही बाजूंना १५ आणि १.२५, म्हणजे ५२.५ किलो. नुसत्या रॉडने सुरुवात केली होती मी, एकेक छोटी प्लेट चढवत इथवर आलेय. बाटली उचलायला वळले तर मागून आवाज, "काकू, तुमचं हलकंच आहे ना, तुम्ही तिकडे स्मिथ मशीनवर करा की, मला रॅक लागतोय." मला वाटलं याला स्क्वॉट मारायचेत, म्हटलं थांब रे, एकच सेट राहिलाय. तर म्हणतो, "नाही नाही, आज बायसेप आहे माझा."

बायसेप! स्क्वॉटचा रॉड खांद्याच्या उंचीवर ठेवायला अख्ख्या जिममध्ये एकच रॅक आहे, आणि त्यात याला कर्ल मारायचेत, म्हणजे कोपरात हात वाकवून रॉड वर आणायचाय, जे कुठेही उभं राहून होतं, का तर समोरचा आरसा मोठा आहे आणि रॉड जमिनीवरून उचलायला नको. मी ट्रेनरकडे बघितलं, म्हटलं हा तरी काही बोलेल. त्याने मोबाईलमधून मान वर केली आणि म्हणाला, "मॅडम, पाच मिनिटं ॲडजस्ट करा ना, त्याचं आज हेवी आहे." म्हणजे ज्याच्या रॉडवर प्लेटा जास्त, रॅक त्याचा. मी काय मारतेय, कसं मारतेय, किती खाली जातेय, कोणाला काही पडलेलं नाही.

बरं, हेवी म्हणजे काय ते पण सांगते. बाजूला १५-१५ लावले, एकूण ५० किलो. बेल्ट आवळला. आणि मग जे काही केलं त्याला कर्ल म्हणत असतील तर मी व्यायाम सोडून देते. आधी गुडघ्यात वाकला, मग हापशाची दांडी खेचतात तसा अख्ख्या अंगाने झटका दिला, कंबर पुढे, छाती मागे, टाचा वर, कोपरं अंगापासून वीतभर पुढे, आणि रॉड कसाबसा हनुवटीपाशी पोचला. पोचला की सोडून दिला, थाडकन मांड्यांवर. की परत झटका. मी बाजूला उभी राहून बघत होते, त्याच्या कमरेची कमान दरवेळी आणखी वाकत होती आणि मला माझ्याच पाठीत कळ आल्यासारखं वाटत होतं. आणि ट्रेनर मोजतोय! "आठ... नऊ... कमॉन, लास्ट!" दहा झाल्यावर टाळी दिली आणि त्याच्या कार्डावर लिहिलं, ५० किलो, १० रेप, म्हणजे दहा वेळा उचललं.

अरे कुठले दहा? एक तरी झाला का? कर्लमध्ये सगळ्यात जड जागा कुठली, तर हात कोपरात काटकोनात येतो आणि मनगट ते कोपर जमिनीला समांतर होतं ती. तिथे बायसेपला खरं काम पडतं. हा नेमका तिथूनच झटक्याने पार होतो, म्हणजे जिथे कष्ट आहेत तेवढीच जागा चुकवतो. आणि खाली येताना जी निगेटिव्ह मिळायची, सावकाश दोन-तीन सेकंद आवरत आणायचं, ती तर पूर्णच सोडून दिलेली. मग उचललं कोणी? खांद्याने, कमरेने आणि पायांनी. याच मुलाला भिंतीला पाठ आणि ढुंगण टेकवून उभा करा, स्ट्रिक्ट कर्लच्या स्पर्धांमध्ये करतात तसा, ५० किलोचा एक रेप निघणार नाही.

लगेच कोणीतरी म्हणणार, अरनॉल्ड पण चीट कर्ल मारायचा. मारायचा, मान्य. पण आधी पाया बघा ना त्याचा! चीटिंगचा पण एक नियम आहे, अरनॉल्डला घडवणाऱ्या ज्यो वीडरच्या काळापासून ठरलेला: आधी कडक रेप मारायचे, स्नायू पूर्ण थकला, आता एकही निघत नाही, की शेवटचे दोन-तीन जरा झोका देऊन काढायचे आणि खाली आणताना आवरून आणायचे. ते काम वाढवायला असतं. पहिल्या रेपपासून झोका देणारे काम चुकवत असतात, तिथे अरनॉल्डचं नाव घेऊ नका.

आणि हे एकट्याचं नाही. बेंचवर बघा, खाली झोपलेला १०० किलो लावतो आणि डोक्याशी उभा राहिलेला मित्र "तुझंच आहे, तुझंच आहे" करत निम्मं वजन स्वतः ओढतो, मग दोघंही सगळ्यांना सांगत फिरतात की शंभर मारले. लेग प्रेसवर सगळ्या प्लेटा गोळा करून लावायच्या आणि गुडघा चार बोटं वाकवायचा. लॅट पुलडाऊनची दांडी वरून खाली ओढताना मागे जवळजवळ आडवं व्हायचं. डेडलिफ्टचा, म्हणजे जमिनीवरून उचलायचा, रॉड खाली आपटून त्याच उसळीत पुढचा रेप घ्यायचा. आणि सगळं झालं की प्लेटा तशाच टाकून निघून जायचं! बेंचवर घामाचं तळं, ते पुसायचं नाही! एकाने तर गेल्या आठवड्यात डंबेलच्या रॅकला ट्रायपॉड टेकवून रील काढलं आणि मलाच म्हणाला, फ्रेममध्ये येताय.

मला एवढा राग का येतो ते सांगते. २०१७ मध्ये दुसऱ्या एका जिममध्ये अशाच एका ट्रेनरने माझ्याकडून डेडलिफ्ट करून घेतली. माझी पाठ गोल होत होती, मला जाणवत होतं, मी म्हटलं पण, तर "काही होत नाही मॅडम, अजून दोन" म्हणून मोजत राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उठता येईना. एल-फोर एल-फाइव्ह, कमरेचे खालचे मणके. तीन आठवडे झोपून, चप्पल घालायला मुलगी लागायची. ज्याने अर्धवट रेप मोजले त्याने नंतर एक फोन केला नाही. त्यामुळे त्या पोरापेक्षा मला चीड त्या मोजणाऱ्याची जास्त येते. पोरगं वीस वर्षांचं आहे, त्याला कोणी सांगितलंच नाही. ज्याला महिन्याला पैसे देतो तो सांगणार नाही तर कोण सांगणार? तालमीत अर्धी बैठक वस्ताद मोजत नाहीत, पोराला पुन्हा मारायला लावतात, आणि इथे टाळ्या!

वेटलिफ्टिंगमध्ये या लबाडीने अख्खा एक प्रकार संपवलाय. क्लीन अँड प्रेस, १९२४ पासून ऑलिम्पिकमध्ये होता. रॉड आधी खांद्यावर घ्यायचा, मग तिथून नुसत्या हातांच्या जोरावर वर ढकलायचा. पण लिफ्टर मागे इतके झुकायला लागले की उभ्याने बेंच प्रेस चाललाय असं दिसायचं, पंचांना ठरवता येईना कुठवर चालवून घ्यायचं, शेवटी १९७२ च्या म्युनिकनंतर तो प्रकारच काढून टाकला.

आणि मी सांगलीची आहे. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थ गेम्समध्ये आमच्या संकेत सरगरने वेटलिफ्टिंगच्या दोन्ही प्रकारांत मिळून २४८ किलो केले, मलेशियाच्या मुलाने २४९. त्यातल्या क्लीन अँड जर्कला, म्हणजे रॉड खांद्यावर घेऊन झटक्याने डोक्यावर नेतात त्याला, १३९ चढवताना संकेतचा कोपर गेला, तरी हा पठ्ठ्या त्याच हाताने परत उचलायला आला. नाही झालं. एका किलोने गोल्ड गेलं. तिथे "जवळजवळ झाली होती" म्हणून कोणी एक किलो दिला नाही, त्यानेही मागितला नाही. वर कोपर लॉक नाही झाला तर नो लिफ्ट. पॉवरलिफ्टिंगच्या स्क्वॉटला मांडी कमरेपाशी गुडघ्याच्या खाली नाही गेली तर लाल दिवा, मग रॉडवर ३०० किलो असो. वजन हे असं मोजतात.

तर पाच मिनिटांची अकरा मिनिटं झाली. पोरगं शेकर हलवत निघून गेलं, प्लेटा रॉडवरच ठेवून. त्या मी उतरवल्या, माझ्या लावल्या. तोवर अंग थंड पडलं होतं. पाच मारायचे होते, तीन निघाले, आणि तिसऱ्याला मला आरशात स्वच्छ दिसलं की मी पूर्ण खाली गेले नव्हते. ट्रेनर लांबून म्हणाला, "तीन झाले मॅडम, गुड." वहीत मी दोन लिहिले.