रोमन चांदीची नाणी म्हणजे चोरीचा माल? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

रोमन सेनापती मार्क अँटनीच्या देनारिअसवर, म्हणजे रोमच्या चांदीच्या नाण्यावर, मी लिहिलेल्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. मूळ लेखापेक्षा तिच्यावरच चर्चा जास्त रंगलेली दिसते, म्हणून दोन ओळींत बोळवण न करता सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ही नाणी कुणाच्या तरी जमिनीतून चोरून काढलेली असतात, त्यांची जागा संग्रहालयात आहे, आणि माझ्यासारखे हौशी लोक पैसे मोजून या चोरीला गिऱ्हाईक मिळवून देतात. वर एक टोमणा, की नाशिकच्या माणसाला घरचे सातवाहन सोडून रोमचा पुळका कशाला. आणि शेवटी प्रश्न: 'ते अँटनीचं नाणं तुमच्याकडे आलं कुठून, हे लेखात का नाही?'

चोरीचा मुद्दा निम्मा खरा आहे, आणि तो निम्मा भाग भलताच गंभीर आहे. बाल्कन देशांतून, विशेषतः बल्गेरियातून, मातीने माखलेली नाणी ढिगाने बाजारात येतात. मेटल डिटेक्टर घेऊन रात्री शेतात शिरायचं, आवाज आला की उकरायचं, धातू तेवढा पिशवीत टाकायचा आणि खड्डा तसाच सोडून पसार व्हायचं. मडक्याचे तुकडे, मातीचे थर, शेजारचं जळकं लाकूड यातलं काहीच विकलं जात नाही, म्हणून ते फेकलं जातं. असा निधी, म्हणजे एकत्र पुरलेला नाण्यांचा साठा, फोडून नाणी सुटी विकणं म्हणजे पोथीची पानं सुटी करून विकण्यासारखंच आहे. असा माल मी घेत नाही, आणि स्वस्त मिळतो म्हणून घेणाऱ्या मित्रांशी माझे खटके उडालेले आहेत. इथवर तुम्ही आणि मी एकाच बाजूला.

पण इथून पुढे तुम्ही सुक्याबरोबर ओलंही जाळता. नुकसान होतं ते खड्ड्यात. नाणं पुढे सरकारी कपाटात गेलं की माझ्या ड्रॉवरमध्ये, यानं ते भरून निघत नाही आणि वाढतही नाही. इंग्लंडमधल्या सॉमरसेट परगण्यातलं फ्रोमचं उदाहरण घ्या. २०१० साली एका डिटेक्टरवाल्याला शेतात मडक्याचं तोंड लागलं. आत नाणी आहेत हे कळताच त्यानं हात आवरला आणि पुरातत्त्वाच्या लोकांना बोलावलं. मडक्यात ५२,५०३ नाणी निघाली. बहुतेक तिसऱ्या शतकातली हिणकस नाणी, पण त्यात करॉसिअस या बंडखोर सम्राटाचे अस्सल चांदीचे पाच देनारिअसही होते. खरी गंमत मात्र चांदीत नव्हतीच. नाणी थराथराने काढली गेली, त्यामुळे सगळ्यांत उशिराची, म्हणजे करॉसिअसचीच, बहुतांश नाणी मडक्यात बरीच खाली असल्याचं दिसलं. म्हणजे कुणी वर्षानुवर्षं थोडं थोडं साठवत नव्हतं, मडकं एकाच वेळी भरलं गेलं होतं. त्यावरून, हा पुढे परत काढण्यासाठी पुरलेला पैसा नसून देवाला वाहिलेलं दान असावं, असा एक तर्क पुढे आला. त्या माणसानं दोन्ही हातांनी उपसून सगळं गोणीत भरलं असतं, तर नाणी तेवढीच हाती आली असती आणि हे काहीच कळलं नसतं.

तिथला कायदाही पाहा. १९९६च्या ट्रेझर अ‍ॅक्टप्रमाणे तीनशे वर्षांपेक्षा जुनी सोन्याचांदीची दोन किंवा जास्त नाणी एकत्र सापडली, तर कळवावंच लागतं. संग्रहालयाला हवी असतील तर ते मोल देऊन घेतं. नको असतील तर नोंद करून परत देतं, आणि ती विकायला मोकळीक असते. म्हणजे 'संग्रहालयात द्या' हा तुमचा आग्रह कित्येकदा खुद्द संग्रहालयानेच नाकारलेला असतो. बल्गेरियातच रेका देव्न्या इथे १९२९ साली एक निधी निघाला, त्यात एक लाखाच्या आसपास देनारिअस होते. त्यातली ८० हजारांहून जास्त नोंदवून झाली. सेप्टिमिअस सेव्हेरस या सम्राटाचा तोच तो शेकडो वेळा आलेला छाप आणखी एकदा कपाटात ठेवून कोणत्या अभिरक्षकाला आनंद होणार? दुर्मीळ छाप आणि अखंड निधी जरूर संग्रहालयात जावेत, त्याबद्दल वाद नाही.

मग प्रामाणिक संग्राहकानं करायचं काय? कागद मागायचा. प्राचीन वस्तूंची चोरटी ने-आण रोखणारा युनेस्कोचा करार १९७० सालचा, त्याआधी नाणं जमिनीबाहेर होतं याचा पुरावा असेल तर उत्तम. इथे हातानं ठोकलेल्या नाण्याचा एक गुण कामी येतो. एकाच ठशातली दोन नाणीसुद्धा हुबेहूब सारखी नसतात. एकाचा छाप डावीकडे सरकलेला, दुसऱ्याच्या कडेला हातोड्याच्या घावानं पडलेली चीर, तिसऱ्याच्या कपाळावर कुण्या सराफानं चांदी तपासायला मारलेली चंद्रकोरीसारखी खूण. त्यामुळे जुन्या लिलावाच्या कॅटलॉगात छायाचित्र सापडलं, की हेच ते नाणं म्हणून भिंग लावून ओळख पटवता येते. 'जुन्या स्विस संग्रहातून' एवढंच लिहिलेलं असेल तर त्या वाक्याला माझ्या लेखी रद्दीची किंमत आहे. आणि खोटी वंशावळ काय करू शकते, तेही सांगतो. सीझरच्या खुनाची आठवण म्हणून ब्रूटसनं पाडलेलं सोन्याचं नाणं, ज्यावर दोन खंजीर आणि मध्ये टोपी आहे, २०२० साली लंडनमध्ये ३२ लाख पौंडांच्या वर विकलं गेलं. त्याची कागदपत्रं बनावट निघाली आणि २०२३ मध्ये ते ग्रीसला परत गेलं. धाक बसवायला असं एखादं प्रकरण अधूनमधून व्हावंच, असं माझं मत.

आता तुमचा प्रश्न. माझं अँटनीचं नाणं १९६०च्या दशकातल्या एका जर्मन लिलावाच्या कॅटलॉगात छापलेलं आहे. लेखात ते आलं नाही, कारण तो लेख नाण्याच्या प्रवासापेक्षा त्याच्या चांदीबद्दल होता. ख्रिस्तपूर्व ३२–३१ मध्ये, अ‍ॅक्टिअमच्या लढाईच्या तोंडावर, सैन्याचा पगार भागवण्यासाठी अँटनीनं ही नाणी ढिगानं पाडली. एका बाजूला वल्ह्यांचं जहाज, दुसऱ्या बाजूला दोन निशाणांच्या मध्ये गरुड आणि खाली सैन्यदलाचा क्रमांक. चांदी जरा हिणकस. त्यामुळे लोकांनी चांगली नाणी घरात दडवली आणि ही बाजारात फिरवली. अँटनी मेला, पण त्याची नाणी दोनशे वर्षांनंतरच्या निधींतसुद्धा सापडतात, पार गुळगुळीत झालेली. माझ्या नाण्यावरचं जहाज बोटानं चाचपलं तर लागत नाही, तिरप्या उजेडात मात्र वल्ह्यांच्या रेघा मोजता येतात. क्रमांक पुसला गेलाय. पैसे देताना विक्रेत्याशी त्यावरून घासाघीस केली, हे कबूल करायला लाज नाही.

राहिला रोमचा पुळका. अहो, रोमची चांदी काही आपल्याला परकी नाही. रोमन लेखक प्लिनी तक्रार करतो, की भारत दर वर्षी रोमचे ५ कोटी सेस्टर्स गिळतो. चार सेस्टर्सचा एक देनारिअस, म्हणजे हे झाले सव्वा कोटी देनारिअस. आकडा त्यानं फुगवला असेलही, पण दक्षिणेत ऑगस्टस आणि टायबेरिअस या रोमन सम्राटांच्या देनारिअसचे जे निधी सापडले आहेत ते खोटे नाहीत. पेरिप्लस हा त्या काळच्या सागरी व्यापारावरचा ग्रीक ग्रंथ तर सांगतो, की भरुचच्या बाजारात रोमन सोन्याचांदीची नाणी स्थानिक नाण्यांशी बदलली की नफा होतो. पश्चिम भारतातला क्षत्रप राजा नहपान यानं चांदीची नाणी पाडली ती याच व्यापाराच्या काळात, आणि त्यांवर मोडकी ग्रीक अक्षरंही आहेत. त्यातली काही चांदी वितळवलेल्या देनारिअसची असावी, असा अभ्यासकांचा तर्क आहे. मला तो पटतो.

आणि नाशिकचंच म्हणाल, तर सिन्नर तालुक्यातलं जोगलटेंभी. १९०६ साली तिथे नहपानाची १३ हजारांहून जास्त चांदीची नाणी एकत्र सापडली. त्यातल्या ९ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला छाप मारला होता. नहपानाचा चेहरा खाली, वर सातवाहनांची खूण. गौतमीपुत्रानं त्याचा पाडाव केला याचा याहून ठसठशीत पुरावा कुठून आणणार? पण हे कळलं, कारण तेवढी नाणी एका ठिकाणी कुणीतरी बसून मोजली. तीच सुटी सुटी सराफकट्ट्यावर गेली असती, तर चार दिवसांत मुशीत वितळून पैंजण झाली असती. आपल्याकडे १८७८ चा कायदा आहे, दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. पण कळवलं तर लचांड मागे लागेल, ही भीती गावोगावी आहे. तिच्यापायी किती निधी मुशीत गेले, त्याचा हिशेब कोण देणार? तुम्हाला लुटीचा खरंच राग असेल, तर माझ्या ड्रॉवरपेक्षा या भीतीवर लिहा. मी तो लेख आनंदानं पुढे पाठवीन.

सातवाहनांची नाणीही घ्यावीत, हा तुमचा सल्ला मात्र मला मानता येणार नाही. भारतातून शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं बाहेर नेता येत नाही आणि मी राहतो इंग्लंडात. इथल्या बाजारात जी मिळतात त्यांचे कागद मी मागितले, तर समोरचा विषय बदलतो.

माझ्याकडच्या दर नाण्यासोबत त्याचं पाकीट आहे, पाकिटात कॅटलॉगाच्या पानाची प्रत. ज्यांचे कागद अपुरे आहेत त्यांच्यावर तसं लिहिलेलं आहे, आणि तीही यादी पुढच्या लेखात फोटोंसकट टाकतो. पुढचा लेख टायबेरिअसवर आहे. त्याखाली भांडायला या.